थोरलीचा बार

सिरिलने गुडघ्यावर उठून दोन्ही चाप ओढले, थोरली गरजली, आणि उडत्या माळेच्या कडेचा रानहंस पंख मिटून सरळ खाली आला. चिखलावर तो आदळल्याचा धप्पकन आवाज क्लेमला त्याच्या चरीत बसल्या जागी ऐकू आला. बाकीचे हंस शिव्याशाप दिल्यासारखे ओरडत बांधाच्या दिशेने उधळले आणि उजाडू लागलेल्या आभाळात दिसेनासे झाले.

"पडला! क्लेम, पडला रे! बघितलास?"

सिरिल बेनेफर धावत सुटला. जांघेपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात धावणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दोनदा तो कोपरावर पडला, दोनदा उठला, आणि हंसाची मान हातात धरून लग्नातल्या नवऱ्यामुलासारखा परत आला.

क्लेमेंट लार्नरचं लक्ष हंसाकडे नव्हतं. बंदुकीचे दोन्ही घोडे पडले होते आणि बार एकच झाला होता.

थोरलीचा बार ज्याने चाळीस वर्षं ऐकला आहे त्याची यात चूक होत नाही. दोन्ही नळ्या उडाल्या की आवाज जोडीने येतो, पायरी चुकलेल्या माणसासारखा, धड-धाड. आज नुसतं धाड झालं होतं. धूरही एकाच नळीतून निघाला होता, उजव्या. डाव्या नळीवरची, घोड्याखालची छोटी तांब्याची टोपी फुटली असणार, पण तिची ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचली नव्हती. खाजणातल्या दमट हवेत असं होतं. टोपीचा तो फुटकळ आवाज उजव्या नळीच्या गडगडाटात बुडाला, आणि उजवीने खांद्याला असा काही धक्का दिला असेल की डावीने दिला नाही हे सिरिलच्या ध्यानातही आलं नाही. डावीतला बार होता तसा आतच बसून होता.

हे सगळं क्लेमला त्याच क्षणी कळलं. त्याच क्षणी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

थोरली म्हणजे आठ बोअरची दुनळी, ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडात मोठ्या माणसाचा अंगठा आरामात फिरतो. पोलादावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा तपकिरी लाटांची नक्षी आहे. एनॉक थर्टलच्या आजोबांनी ती नॉरिचच्या कारागिराकडून घडवून घेतली तेव्हा राणीचं राज्य होतं. पुढे काडतुसं आली, मागून भरायच्या हलक्या बंदुका आल्या, दोन महायुद्धं होऊन गेली, आणि थॉर्नी स्टेथ गावातल्या बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या आजोबांच्या बंदुका चुलीवर टांगून ठेवल्या. एनॉकने नाही. हिवाळ्यातल्या पहाटे थोरली बोलली की अजूनही गावातल्या बायका चहा ओतता ओतता थांबत आणि म्हणत, एनॉक बाहेर पडलाय.

एनॉकच्या मागे ती वाहून नेणारा क्लेम होता. उकळत्या पाण्याने नळ्या धुणारा, हंसाच्या चरबीने घोडे पुसणारा, दारू कोरडी राहावी म्हणून शिंग आपल्या सदऱ्याच्या आत पोटाशी धरून झोपणारा क्लेमच होता. गावात होड्या दुरुस्त करायचा त्याचा धंदा, पण कुणी विचारलं तर तो आधी एनॉकचा जोडीदार होता आणि मग सुतार. खाजणात एकट्याने उतरायचं नाही ही त्या किनाऱ्याची रीत. भरती मागून येते आणि चिखल कुणाची ओळख ठेवत नाही. तेव्हा जोडीदार म्हणजे नुसता सोबती नव्हे. पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले. दोन हिवाळे तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिला आणि थोरली त्याच्या डोक्यावरच्या खुंट्यांवर. क्लेम वाट बघत होता. घाई नव्हती. आपलं ते आपल्याकडेच यायचं होतं.

या सप्टेंबरात एनॉकने ती सिरिलला दिली.

सिरिल लिन शहराच्या रस्त्यावर बस चालवायचा. लढाईनंतर गावात आला, पाववाल्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि बघता बघता गावाचा झाला. म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या दारापर्यंत पोचवायचा, चर्चमध्ये बेसूर गायचा, हसला की सगळं अंग हसायचं. माणूस इतका चांगला की राग धरायचा म्हटलं तर बोट ठेवायला जागा नाही. क्लेमला त्याचाच जास्त राग यायचा.

"तू मागितलीस का कधी?" क्लेमची बायको आयव्ही त्या दिवशी म्हणाली होती.

"मागायची काय त्यात? त्यांना ठाऊक होतं."

"त्याने मागितली. माझ्यादेखत. काका, तुम्ही आता वापरत नाही, मला द्याल का, म्हणाला. एवढंच."

क्लेमने ताटातला मासा तसाच ठेवला आणि होडीला डांबर लावायला निघून गेला. वर एनॉकने त्यालाच निरोप पाठवला की सिरिलला थोरली भरायला शिकव, तुझ्याइतकं कुणाला येतंय. क्लेमने शिकवलं. दारू किती, नमद्याची चकती कशी बसवायची, छर्रे किती, वरची पुठ्ठ्याची चकती. शेवटी गजावरची खूण. गज नळीत तळापर्यंत घालायचा आणि त्यावर कोरलेली रेघ नळीच्या तोंडाशी आली की बार नीट भरला असं समजायचं. रेघ वर राहिली तर आत नको ते काहीतरी आहे. एनॉकने हे क्लेमला इतक्यांदा सांगितलं होतं की ते त्याला झोपेतही ऐकू यायचं. क्लेमने सिरिलला ते एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा नाही.

आता सिरिल चरीच्या कडेला उभा राहून थोरली भरत होता. दस्ता बुटावर टेकवलेला, नळ्या आभाळाकडे. दोन्ही नळ्या त्याने रिकाम्याच धरल्या होत्या. आधी उजवीत दारू ओतली, मग डावीत. चकत्या सारल्या, गजाने ठासल्या. पुढे छर्रे. हात काम करत होते आणि मान वर होती, पुढची माळ कुठून येते ते बघत. शेवटचं ठासताना गज उजव्या नळीत जिथे जायला हवा तिथे गेला. डाव्या नळीत तो चांगला वीतभर वर राहिला. त्या गजाचं पांढुरकं लाकूड फिकट उजेडात क्लेमला स्वच्छ दिसलं. सिरिलने न बघता गज काढला, टोप्या बसवल्या, आणि चरीत उतरला.

क्लेमने तोंड उघडलं. थंड हवा आत गेली. त्याने तोंड मिटलं.

सांगायचं तर होतंच. त्याबद्दल त्याच्या मनात तेव्हाही शंका नव्हती. दुप्पट बार पेटला तर नळी मुळाशी फुटते, आणि तिथे माणसाचा डावा हात असतो, त्यामागे तोंड. ते काही कुणी होऊ देत नाही. पण हंस अजून दिसत नव्हते. माळ येईपर्यंत वेळ होता. त्याला जरा भरू दे, बसू दे, मग हाक मारून सांगू. म्हणजे कसं, शांतपणे सांगता येईल. आणि तो कसा बघेल तेही बघता येईल.

ओहोटीचं पाणी चरींमधून गुळगुळ करत समुद्राकडे चाललं होतं. वारा समुद्रावरून गावाकडे होता. लांब कुठेतरी टिवल्या ओरडत होत्या. क्लेमने पाइप काढला, भरला, आणि न पेटवता परत खिशात ठेवला.

त्याला वाटलं, फुटू दे.

सिरिलचं काही होऊ दे असं नाही. निदान तसं त्याने स्वतःला वाटू दिलं नाही. थोरली फुटू दे. म्हणजे ती ना त्याची ना माझी. म्हाताऱ्याच्या खुंट्या रिकाम्या राहू देत आणि म्हाताऱ्याला बसू दे त्यांच्याकडे बघत. हा विचार इतका गोड होता की क्लेमने तो पुन्हा एकदा केला.

तेवढ्यात सिरिल आपली चर सोडून वाकत वाकत त्याच्याकडे आला. एका हातात थोरली, दुसऱ्या हातात चहाची बाटली. तो धप्पकन शेजारी बसला आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवली, नळ्या समुद्राकडे.

"घे. घोटभर घे. साखर जास्त पडलीय, बायकोने आज हात सैल सोडला."

क्लेमने झाकणातून चहा घेतला. नळीचं तोंड त्याच्या बुटांपलीकडे होतं. डाव्या घोड्याखालची तांब्याची टोपी नवी होती, चकचकीत.

"काका खूश होतील ना रे? पहिला हंस त्यांना द्यायचा, हीच रीत ना इथली?"

"हीच."

"मला धाकधूकच होती, खरं सांगू का. एवढी मोठी बंदूक. म्हटलं, आपण बसवाले, आपल्याला झेपतेय का. गावाला हसायला निमित्त." तो हसला, आणि त्याचं सगळं अंग हसलं. "आयव्हीवहिनी म्हणाली होती मला, सांभाळून रे, ती धक्का देते. देते म्हणजे! खांदा निखळून हातात येतो."

"देते," क्लेम म्हणाला. आता सांगावं. डावी नळी उडालीच नाही, वेड्या. एवढंच. चार शब्द.

"सिरिल," तो म्हणाला.

"अं?" सिरिल थोरलीच्या दस्त्यावरून हात फिरवत होता, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "खरं सांग क्लेम, तुला कळतं यातलं. तिला माझा हात मानवला, नाही का?"

बांधापलीकडच्या शेतातून हंसांचा पुसट कलकलाट ऐकू येऊ लागला. क्लेमने झाकणातला उरलेला चहा चिखलात ओतला.

"मानवला," तो म्हणाला.

सिरिलने त्याच्या पाठीवर थाप मारली, बाटली तिथेच त्याच्यापाशी ठेवली आणि वाकत वाकत आपल्या जागी गेला.

माळ शेतांवरून उठली आणि वळून खाजणावर आली. आधी नुसता गलका, मग धुक्याच्या वर एक वाकडीतिकडी रेघ, मग एकेक पक्षी मान ताणून येणारा. ते कमी उंचीवरून येत होते, सरळ सिरिलच्या डोक्यावर. असा योग हिवाळ्यात दोन-तीनदाच येतो. एनॉक असता तर त्याने श्वासही घेतला नसता. सिरिल चिखलात पसरून पडला होता. मग हळूच त्याचा एक गुडघा वर आला, थोरली वर आली, आणि क्लेमला दोन्ही घोडे मागे ओढल्याचे आवाज ऐकू आले, एक आणि दोन.

क्लेम उभा राहिला. नुसता उभा नाही राहिला, त्याने दोन्ही हात वर केले, वाऱ्यात कपडे फडफडावेत तसे. तोंडातून आवाज निघाला की नाही ते त्याला नंतर आठवेना. हंस क्षणभर हवेत थिजल्यासारखे झाले, मग सगळी माळ विस्कटली, आणि पंखांचा फडफडाट करत ती वर, आणखी वर आणि वाऱ्याबरोबर निघून गेली.

"अरे!" सिरिल उभा राहिला. थोरली त्याच्या हातात लोंबत होती. "अरे काय हे, क्लेम? काय केलंस हे?"

"गोळा आला," क्लेम म्हणाला. "पोटरीत. राहवेना."

सिरिलने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं ते क्लेमला दिसलं. गावातलं कुणीही त्या जागी असतं तर तेच आलं असतं: हा जळतोय. थोरलीने आणखी एक पाडला असता ते याला बघवलं नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही. सिरिलने घोडे सांभाळून खाली उतरवले आणि मान हलवली.

"जाऊ दे. होतं असं. थंडी काय कमी आहे? ये, बस, चोळून देतो."

"नको. बरं वाटतंय आता."

"लाजतोस काय लेका? माझी आईसुद्धा..."

"नको म्हटलं ना!"

त्यानंतर हंस आले नाहीत. भरती लागायच्या आत दोघे निघाले. सिरिल काठीने चिखल चाचपत पुढे, खांद्यावर थोरली, पाठीवर हंस. मागे क्लेम आपली बारा बोअरची साधी एकनळी घेऊन. त्याला वाटत होतं, संपलं. कुणाला काही झालं नाही. कुणाला काही कळलं नाही. जळक्या म्हणून थोडं नाव होईल, ते तसंही आहेच. घरी गेल्यावर थोरली धुवायला मी घेईन, डावी नळी गुपचूप रिकामी करीन.

बांध चढून दोघे वर आले आणि सिरिल थांबला. पलीकडे गाव होतं, धुरांडी, सगळ्यात अलीकडे एनॉकचं घर. भरलेली बंदूक बांधाच्या पलीकडे न्यायची नाही. उरलेला बार समुद्राकडे तोंड करून उडवून टाकायचा आणि मगच खाली उतरायचं. हे सिरिलला क्लेमनेच शिकवलं होतं. आणि क्लेम, बंदूक धुण्याचे बेत करता करता, हे विसरला होता.

सिरिल समुद्राकडे वळला. त्याने दोन्ही घोडे ओढले.

"थांब."

"आता काय?"

"गज घालून बघ."

"कशाला? एवढा गार वारा सुटलाय."

"डाव्या नळीत. घोडे उतरव, टोप्या काढ आणि गज घालून बघ."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सिरिलने ऐकलं. घोडे उतरवले, टोप्या काढल्या, गज डाव्या नळीत सोडला. लाकूड टक्क करून अडलं. रेघ नळीच्या तोंडापासून चांगली वीतभर वर उभी राहिली. सिरिलने गज वर काढला, पुन्हा घातला. रेघ तिथेच. मग त्याने उजव्या नळीत घालून बघितला, रेघ बरोबर तोंडाशी आली. मग परत डाव्या. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, ओठसुद्धा.

"दोन बार," तो म्हणाला. "एकावर एक."

क्लेमने चहाची बाटली काढली.

"ती उडालीच नव्हती. पहिल्यांदा. मी दोन्ही चाप ओढले आणि..." त्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, बोटं उघडून मिटली. मग मान वर करून क्लेमकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "म्हणून तू उठलास! मी घोडे ओढले आणि तुझ्या ध्यानात आलं की बार एकच झाला होता. तसंच ना? आणि मी येडा, मला वाटलं... गोळा आला म्हणे! माझी लाज राखायला गोळा आला म्हणालास?"

वारा दोघांच्या मधून गावाकडे वाहत होता.

"तसंच काहीसं," क्लेम म्हणाला.

त्याने चहाच्या बाटलीत उरलेला गार चहा डाव्या नळीत ओतला, दारू भिजून मेली पाहिजे म्हणून. तेवढा वेळ सिरिल त्याचा दंड घट्ट धरून उभा होता.

एनॉक थर्टल दाराकडे तोंड करून बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी. थंडी असूनही दार उघडं होतं. हंस बघून त्याने मान डोलावली, छातीची पिसं बाजूला सारून चरबी चाचपली आणि चांगला आहे म्हणाला. पण सिरिलला हंसाचं कौतुक नकोच होतं. त्याने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं; उभ्याने, हातवारे करत. मी चाप ओढले, दोन्ही, काका. मग भरली, येड्यासारखं आभाळ बघत. मग माळ आली, ही एवढी खाली. मी घोडे ओढले. आणि हा! हा उठून नाचायला लागला. मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील याला.

एनॉक ऐकत होता. त्याने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायला सांगितलं, गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि डावी नळी स्वतः रिकामी करायला घेतली. कुणाला मदत करू दिली नाही. आधी पुठ्ठ्याची चकती आली. मग छर्रे, वर्तमानपत्रावर खडखडत. मग नमदा, मग चहात भिजलेला काळा चिखल. मग पुन्हा चकती. पुन्हा छर्रे. दुसरा ढीग पहिल्याच्या शेजारी पडला तेव्हा सिरिल खाली बसला.

"आई गं," तो म्हणाला.

चुलीवर किटली वाजत होती. मग सिरिल उठला, टेबलावरून थोरली उचलली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून क्लेमसमोर आला.

"ही तुझी."

"नको," क्लेम म्हणाला. एकदाच, तेही हळू.

"नको काय? काका, सांगा याला. मला ऐकूसुद्धा आलं नाही, याला ऐकू आलं. ज्याला हिचा बार ऐकू येतो त्याची ही. पहिल्यापासून तुझीच होती, सगळं गाव म्हणत होतं, मीच मध्ये तडमडलो. घे बाबा. तू घेतलीस तर मला रात्री झोप लागेल."

त्याने बंदूक क्लेमच्या हातात दिली, दिली म्हणजे ठेवलीच, आणि हात काढून घेतले. तिचं वजन क्लेमच्या मनगटांना ओळखीचं होतं. किती वर्षं तिचा तोल त्याच्या हातांना पाठ होता. सिरिलने हंस उचलला, मागच्या पडवीत टांगून येतो म्हणाला, आणि निघून गेला. अंगणात त्याच्या बुटांचे आवाज ऐकू आले. पाठोपाठ शीळ. इतकी बेसूर की ती त्याचीच हे सांगायची गरज नव्हती.

एनॉक वर्तमानपत्रावरचे छर्रे हाताच्या कडेने गोळा करत होता.

"आज वारा इकडचा होता," तो म्हणाला.

"हो."

"दार उघडं ठेवून बसलो होतो. पहाटेपासून. तुम्ही कधी गेलात ते बघितलं." एक छर्रा घरंगळत टेबलाच्या कडेला गेला, त्याने तो अडवला. "मला एकच ऐकू आला, क्लेम. इथून. या कानांना."

क्लेमने थोरली टेबलावर ठेवायला पुढे केली.

"ठेवू नकोस," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नाही, कडवटही झाला नाही. "घेऊन जा. त्याने दिलीय."

"काका, मला नको."

"नको कशी? चाळीस वर्षं हवी होती." एनॉकने मान वर केली नाही. "आता परत द्यायची तर का ते सांगावं लागेल त्याला. सांगणार असशील तर ठेव इथे. तो बघ, पडवीतच आहे."

पडवीत शीळ थांबली. खिळ्याला दोरी बांधताना माणूस थांबतो तेवढीच. मग पुन्हा सुरू झाली.

थोरली क्लेमच्या हातात होती.

"तुम्ही सांगाल?" त्याने विचारलं.

"मी?" एनॉकने छर्रे एका पेल्यात ओतले. दोन्ही ढीग एकत्र झाले. "मी म्हातारा माणूस. मला कुठे काय ऐकू येतं."

सिरिल मागच्या दारातून डोकावला, नाक लाल, खूश.

"चल रे! आयव्हीवहिनीला मी सांगणार हं, तू नाही सांगायचं. तुला काय सांगता येणार, तुझं तोंड उघडायला पहार लागते. काका, येतो. उद्या हंस सोलायला बायकोला पाठवतो."

"ये," एनॉक म्हणाला. तो क्लेमला काही म्हणाला नाही.

घराबाहेर पडल्यावर वाट बांध आणि बोरूच्या बेटाच्या मधून जाते, एका वेळी एकच माणूस चालेल एवढी. सिरिलने क्लेमची एकनळी स्वतःच्या खांद्यावर घेतली. दोन दोन कशाला वाहतोस, म्हणाला, तू आपली तुझी सांभाळ. आणि तो पुढे झाला.

"उद्या पहाटे?" त्याने चालता चालता विचारलं. "तू थोरली घे, मी ही तुझी घेतो. मला आपलं तुझ्या शेजारी कुठेतरी बसव. तू असलास म्हणजे मला काळजी नाही."

क्लेम मागून चालत होता. थोरली त्याच्या हातात होती, डाव्या हातावर नळ्या, उजवा दस्त्याशी; ती धरायची एकच रीत त्याला ठाऊक होती. बोरूवर दव होतं आणि ते नळ्यांच्या नक्षीवर ठिबकत होतं. घरी जाऊन पुसायला हवी, त्याला सवयीने वाटलं.

"काय रे, ऐकलंस का? उद्या?"

"हो," क्लेम म्हणाला.

सिरिल समाधानाने हसला, पाठीवरूनही ते कळलं, आणि त्याने पुन्हा शीळ धरली. गावातलं पहिलं घर येईपर्यंत तो तसाच चालत राहिला, एकदाही मागे वळून न बघता. त्याला बघायचं काही कारणच नव्हतं. क्लेमला त्याचा हेवा वाटला.